एकदाच दाबलेलं बटण

४ जानेवारी

खटपटी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझी मावशी ठणठणीत आहे आणि तुझे काका आहेत तसेच आहेत. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद, डोकं मात्र शाबूत. पक्षाघाताला आता चौदा महिने होतील.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर हल्ली तुझा आवाज मला पाण्याखालून आल्यासारखा येतो. मेसेज लिहायला जावं तर चाळीस वर्षं सुया टोचून माझी बोटं अशी झालीत की एका वेळी तीन अक्षरं दाबली जातात. परवा तुझ्या दादाला ‘जेवलो’ असं कळवायला गेले. काय गेलं कोण जाणे, पोराने घाबरून शेजारणीला माझ्याकडे धाडलं.

काम असं आहे. तू तिकडे प्रशिक्षण केंद्रात नवशिक्यांना एका छोट्या बोर्डावर प्रोग्रॅम लिहायला शिकवतेस ना? मलाही शिकव. एका खोलीत बटण दाबलं की दुसऱ्या खोलीत दिवा लागला पाहिजे, एवढंच मला हवंय. दादाचा जुना लॅपटॉप माळ्यावर पडून होता, तो पुसून खाली आणलाय. शाळांच्या गणवेशांचा हंगाम येईपर्यंत मशीन रिकामं असतं, म्हटलं काहीतरी छंद करावा.

एकसष्टाव्या वर्षी हिला हे काय सुचलं, म्हणून एकदा हसून घे आणि मग उत्तर लिही.

मावशी

१२ जानेवारी

मावशी,

सांगितल्याप्रमाणे आधी हसून घेतलं, मग पार्सल बांधायला बसले. सोबत बोर्ड आहे, लॅपटॉपला जोडायची केबल, पाच दिवे, दोन बटणं, तारा आणि रेझिस्टरची पुडी. रेझिस्टर म्हणजे ते रंगीत पट्ट्यांचे बारके दाणे. दिव्याला झेपेल एवढीच वीज ते जाऊ देतात, म्हणून प्रत्येक दिव्याबरोबर एक लावायचाच.

बोर्डाच्या मधला काळा चौकोन म्हणजे मायक्रोकंट्रोलर. त्याला बघून घाबरू नकोस, तो काही फार हुशार नाही. सांगितलेलं करतो, न सांगितलेलं करत नाही, आणि चुकीचं सांगितलं तर तेही इमानेइतबारे करतो. आपण त्याला कामांची यादी देतो, तिला प्रोग्रॅम म्हणायचं. यादीचे दोन भाग असतात. पहिला भाग सुरुवातीला एकदाच करायचा. दुसरा भाग वरून खाली करत जायचं, शेवट आला की पुन्हा वरून सुरू. हा जो दुसरा फेरा, त्याला लूप म्हणतात.

पहिला धडा वेगळ्या कागदावर लिहिलाय. दिवा लाव, एक सेकंद थांब, दिवा विझव, एक सेकंद थांब. झालं. दिव्याचा लांब पाय कुठे आणि आखूड कुठे तेही काढून दाखवलंय. घाई करू नकोस. माझ्या वर्गातल्या विशीतल्या मुलींनाही पहिला दिवा लुकलुकवायला आठवडा लागतो, छंदाला काही परीक्षा नसते.

तुला हसणारी,
खटपटी

२० जानेवारी

खटपटी,

लुकलुकला! चार दिवसांत, हे तुझ्या वर्गाला सांग.

पहिला दिवस नुसता रागात गेला. दिवा लागेना. दिव्याचे पाय उलटे खोचले होते. ते सुलटे केले तर लॅपटॉप लाल अक्षरांत कुरकुरायला लागला. तासाभराने दिसलं की ओळीच्या शेवटी तो अर्धविराम द्यायचा राहिला होता. मग माझं मलाच हसू आलं. टाका घातला आणि शेवटी गाठ मारली नाही, तर शिवण उसवणारच. चाळीस वर्षं मदतनिसांना हेच तर ओरडत आले मी.

तुझा लूप मला लगेच कळला. गणवेशांचं काम दुसरं काय असतं? एक शर्ट संपला की पुढचा, माप तेच, कापड तेच, कुणी थांब म्हणेपर्यंत.

आता खरं सांगते. छंद वगैरे काही नाही. माझे कान गेलेत. डावा पूर्ण आणि उजवा बहुतेक. भिंतीला कान असतात म्हणतात, या घरात आता तेवढेच चालू आहेत. यंत्र लावून पाहिलं, त्याने गोंगाट वाढतो, शब्द वाढत नाहीत. ह्यांना बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही. देवाने जोडा बरोबर जुळवलाय. हे पलंगावर पेल्यावर चमचा वाजवतात आणि मी पलीकडच्या खोलीत मशीनवर मान खाली घालून बसलेली. बाजारातून तयार घंटी आणली होती. तिचं बटण दाबायला अंगठ्यात जोर लागतो, ह्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत तेवढा नाही. शिवाय ती नुसती वाजते, म्हणजे माझ्या काय कामाची?

दादाला हे कळलंय. मागच्या वेळी आला तेव्हा त्याने स्वतः चमचा वाजवून बघितला, मी मान वर केली नाही. त्याने त्याच्या गावच्या शुश्रूषागृहात बाबांसाठी खाट बघून ठेवलीय. एक मार्चला गाडी घेऊन येणार आहे. तो वाईट नाही गं, घाबरलाय. पण मी छत्तीस वर्षं ह्या माणसाशेजारी काढली आहेत आणि त्याला कुठल्या तरी खाटेच्या नंबरात देणार नाही. एक मार्चच्या आत तो दिवा लागला पाहिजे. पुढचा धडा पाठव, आणि जरा मोठा पाठव.

मावशी

२६ जानेवारी

मावशी,

आधी भांडण. मला छंद म्हणून थाप मारलीस! तू पहिल्याच पत्रात सांगितलं असतंस तर मी लुकलुक दिव्यात आठ दिवस घालवले नसते. मी तिथे यायचं म्हणते, पण केंद्राची परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत आहे, तोवर मला उंटावरूनच शेळ्या हाकाव्या लागणार. तू मात्र शेळीपेक्षा चपळ निघालीस, हे कबूल.

तर धडा दुसरा: ‘जर’. आतापर्यंत बोर्ड आंधळेपणाने यादी करत होता. आता त्याला विचारायला शिकवायचं. जर बटण दाबलेलं असेल, तर हे कर. नसेल तर काही करू नकोस. लूपच्या प्रत्येक फेऱ्यात तो बटणाकडे एकदा बघतो, आणि सेकंदात असे हजारो फेरे होतात. दिवा दहा वेळा लुकलुकेल असं सोबत लिहून दिलंय.

एक खबरदारी घे. बटणाची तार मोकळी सोडलीस तर बोर्डाला भास होतात, कुणी न दाबताच दिवा लागतो. म्हणून सुरुवातीच्या भागात एक ओळ आहे, ती तारेला एका बाजूला ओढून धरते, इलॅस्टिकसारखी. दाबलं की ताण सुटतो, सोडलं की परत जागेवर. ती ओळ गाळू नकोस.

तारा लांब टाकल्या तरी चालतील. बोर्डाला नंतर लॅपटॉपची गरज नाही, मोबाइलच्या चार्जरवर चालेल. राहिलं काकांच्या बोटांना जमेल असं मऊ बटण. ते मात्र मला सुचत नाहीये. तुला सुचेल.

खटपटी

८ फेब्रुवारी

खटपटी,

मला सुचलं. बटण म्हणजे काय, दोन धातू एकमेकांना टेकले की झालं, असं तूच लिहिलंस. मी तळहाताएवढी उशी शिवली. वरच्या कापडाला आतून तांब्याच्या पत्र्याची चकती टाचली, खालच्यालाही तशीच, आणि मधे फोमचा तुकडा, त्याला बरोबर मधोमध भोक. नुसता हात टेकवला तर काही होत नाही, दोन बोटांनी जरा दाबलं की भोकातून चकत्या भेटतात. दोन तारा टिचबटणांनी अडकवल्या आहेत, म्हणजे खोळ काढून धुता येते. पाच वेळा उसवली, सहाव्यांदा जमली. ह्यांच्या डाव्या हाताखाली ठेवली, ह्यांनी दाबली आणि माझ्या मशीनसमोर दिवा लुकलुकला! मी इकडून धावत गेले, तर हे हसत होते. अर्ध्या तोंडाने हसतात, पण हसत होते. मला रडू फुटलं.

आता तीन दिवे आहेत. एक मशीनसमोर, एक स्वयंपाकघरात, एक गच्चीच्या जिन्याच्या तोंडाशी. तीन दिवसांत एकदाही चूक नाही. मी माझ्या मनाने यादीत एक ओळही वाढवली आहे. मशीनची मोटार तापली की मी तिला विश्रांती देते, तशी बोर्डालाही प्रत्येक हाकेनंतर तीन मिनिटं विश्रांती देते. बिचारा दिवसभर जागा असतो. पहिल्या धड्यातलं ‘थांब’ वापरलं, बरोबर आलं ना?

दादाला कळवलंय की खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं. त्याचं उत्तर नाही.

मावशी

१४ फेब्रुवारी

मावशी,

उशीचं वर्णन मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आपण बाजारातून बटणं कशाला मागवतो मग?” आता दोघींनी फोम आणलाय.

तू स्वतःच्या मनाने ओळ लिहिलीस याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच! दादाचं उत्तर येईल, तो पत्रांच्या बाबतीत लहानपणापासून आळशी.

खटपटी

१९ फेब्रुवारी

खटपटी,

हे पडले.

मंगळवारी दुपारी. दिवा लागला म्हणून मी जाऊन त्यांची कूस बदलून दिली होती आणि परत मशीनवर बसले होते. नंतर दिवा लागला नाही. मी समोर त्याच्याकडे बघतच शिवत होते, माझी नजर हटली नव्हती. अर्ध्या तासाने सहज उठून गेले तर हे पलंगाखाली, पाण्याचा तांब्या उपडा, सगळं अंग ओलं. तहान लागली होती. मी येत नाही म्हणून स्वतः उठायला गेले. हाड मोडलं नाही, कंबरेवर हाताएवढा काळानिळा डाग आहे. बटण दाबलं होतं का, असं विचारलं तर मान हलवून हो म्हणाले.

शेजारणीने दादाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, बाबांचा डाग बघितला आणि पांघरूण परत घातलं. मला ओरडला असता तर बरं झालं असतं. जाताना पाटीवर लिहून गेला, ‘आई, एक तारखेला नेतो. आता हट्ट नको.’ ती पाटी मी अजून पुसलेली नाही.

बोर्ड मी काढून डब्यात ठेवला होता. आज परत बाहेर काढला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतली मी नाही. शिवण उसवली तर चूक शिवणारीची असते, कापडाची नाही. कुठला टाका चुकला एवढं मला कळलं पाहिजे. माझा सगळा प्रोग्रॅम हाताने उतरवून पाठवतेय, एकूण एकवीस ओळी आहेत. बघ आणि लगेच लिही. दहा दिवस उरलेत.

मावशी

२२ फेब्रुवारी

मावशी,

चूक सापडली आणि ती निम्मी माझी आहे.

तुझी एकोणिसावी ओळ बघ. ‘तीन मिनिटं थांब.’ बोर्डाला ‘थांब’ सांगितलं की तो विश्रांती घेत नाही, तो जागच्या जागी गोठतो. यादीतली पुढची ओळ करत नाही आणि बटणाकडेही बघत नाही. तू कूस बदलून परत गेलीस, तेव्हा ती तीन मिनिटं चालू होती. काकांनी त्याच वेळात दाबलं. त्याला दिसलंच नाही. त्याला विश्रांती लागतही नाही, तो वर्षानुवर्षं न थकता चालतो. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. त्यावर कडी म्हणजे तू ती ओळ घातल्याचं पत्रात लिहून मला विचारलंही होतंस, बरोबर आलं ना म्हणून. मी आनंदाच्या भरात वाचून पुढे गेले. वर्गात दिवसातून दहा वेळा हीच चूक पकडते मी. मावशी, मला माफ कर. कालपासून मला जेवण गेलेलं नाही.

ती ओळ आजच काढून टाक. पण एक गोष्ट मला अजून कळत नाही. अर्धा तास होता. काकांनी पुन्हा का नाही दाबलं? कुणीही दहा वेळा दाबलं असतं, एकदा तरी लागलाच असता. त्यांना सांग, दिवा लागेपर्यंत दाबत राहायचं.

शिवाय तू न्हाणीघरात असलीस आणि दिवा दहा वेळा लुकलुकून विझला तर? ते कसं सोडवायचं यावर मी विचार करतेय.

खटपटी

२६ फेब्रुवारी

खटपटी,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ‘दाबत राहायचं’ इथे आले आणि हे जे रागावले! डाव्या हाताने पांघरूण भिरकावून दिलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. छत्तीस वर्षांचा संसार, आणि मला आधी सुचू नये?

तुझे काका चौतीस वर्षं लिफ्ट चालवत होते, विसरलीस का? आठ मजल्यांची कचेरी. घरी आले की एकच गाऱ्हाणं असायचं. “लोकांना धीर म्हणून नाही. एकदा बटण दाबलं की मला कळतं ना? टकटकटक दाबत बसतात. मी काय बहिरा आहे?” स्वतः कुणाच्या दाराची घंटा दोनदा वाजवली नाही कधी. आपल्याच दाराची नाही. पावसात भिजत उभे राहिले आहेत, पण एकदाच. त्यांनी मंगळवारी एकदा दाबलं आणि मला कळलं असं धरून वाट बघत बसले. मी येईन याची त्यांना खात्री होती गं. तीस मिनिटं खात्री होती.

मी पाया पडले त्यांच्या, म्हटलं, बाबा रे, आता दोनदा दाबा, माझ्यासाठी. तर पाटी मागितली. डाव्या हाताने वेडेवाकडे आठ गोल काढले, एकाखाली एक. पाचव्या गोलात खडू घासून घासून तो भरून टाकला. मग माझ्याकडे बघून त्यावर बोट ठेवलं, आणि किती तरी वेळ ठेवलंच. मग दार उघडल्यासारखी हाताची खूण केली आणि तो गोल पुसला.

खटपटी, लिफ्टच्या पाटीवर ज्या मजल्यावरून बोलावणं येतं तो दिवा लागतो. आणि लागलेलाच राहतो. लिफ्ट तिथे पोचून दार उघडेपर्यंत विझत नाही. दुसऱ्यांदा दाबायची गरजच काय?

तुझ्या पत्राची वाट बघत बसायला वेळ नव्हता. तू धड्यांच्या शेवटी ‘पुढे येईल’ म्हणून व्हेरिएबलबद्दल चार ओळी लिहिल्या होत्यास, की ती नाव दिलेली एक डबी, तिच्यात आकडा ठेवायचा, आपण बदलेपर्यंत तो तसाच राहतो. मी डबीचं नाव ठेवलं ‘हाक’. जर उशी दाबली, तर हाक एक. जर दुसरं बटण दाबलं, तर हाक शून्य. हाक एक असेल तर तिन्ही दिवे लावून ठेव, नसेल तर विझव. लुकलुक नाही, थांब नाही. आणि दुसरं बटण ह्यांच्या उशाशी भिंतीवर ठोकलंय. म्हणजे तिथे स्वतः जाऊन पोचल्याशिवाय मला दिवा विझवताच येणार नाही.

एकवीस ओळींच्या चौदा झाल्या. रविवारी दादा येतोय. बॅग त्याने मागेच आणून ठेवलीय, मी त्यात एक कपडा भरलेला नाही.

मावशी

३ मार्च

खटपटी,

तुझी दोन पत्रं एकदम आली, तुझा जीव टांगणीला लागलाय ते दिसलं. तर ऐक.

दादा रविवारी दहाला आला. मी पाटीवर लिहिलं, ‘एक दिवस तपासून बघ. नापास झाले तर मी स्वतः बॅग भरीन.’ तो म्हणाला, “आई, मला खेळ नको.” ओठांवरून मला एवढं कळतं. पण बसला.

मी ओले कपडे घेऊन गच्चीवर गेले. त्याने मुद्दाम तीच वेळ धरली. हे सगळं त्याने मला नंतर लिहून सांगितलं. बाबांच्या पलंगाशी जाऊन उशी दाबली, टकटकटकटक, सात-आठ वेळा. ह्यांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. बोटांत जोर नाही म्हणते मी, पण त्या दिवशी कुठून आला कोण जाणे. मग दादाला उशाचं बटण दाबायला लावून दिवा विझवला. आणि मग स्वतः दाबलं. एकदा. आणि हात पोटावर ठेवून डोळे मिटले.

दादा घड्याळ लावून बसला. एक मिनिट, दोन मिनिटं. त्याने मला सांगितलं की तिसऱ्या मिनिटाला त्याला राहवेना, तो पुन्हा दाबायला वाकला, तर ह्यांनी डोळे न उघडता मान हलवली, नाही. मी वर चादरी वाळत घालत होते, दिवा जिन्याच्या तोंडाशी, माझी पाठ तिकडे. सगळी बादली रिकामी करून मी वळले तेव्हा तो लागलेलाच होता. शांतपणे, जणू त्याला कसली घाईच नाही. मी बादली तिथेच टाकून खाली आले.

सहा मिनिटं झाली होती. मी आत शिरले, दादाकडे बघितलंही नाही, ह्यांना विचारलं, काय हवंय? त्यांनी पाण्याकडे बोट केलं. पाणी पाजलं, तोंड पुसलं, भिंतीवरचं बटण दाबलं, दिवे विझले.

दादा उठून खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग त्याने फोन लावला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण परत आला तो पाटी घेऊन. ‘खाट सोडली. पण महिन्यातून दोन रविवार मी येऊन हे यंत्र तपासणार.’ मी खाली लिहिलं, ‘ये. जेवायलाच ये.’ रिकामी बॅग घेऊन गेला बिचारा.

शेजारणीच्या सासूला पण ऐकू येत नाही. शेजारणीने काल तारा बघून विचारलं, हे शिकायला किती दिवस लागतात. मी म्हटलं, उद्यापासून ये, सोबत कात्री आण. तुझे धडे मी तिला देणार आहे, फक्त तुझ्या ‘थांब’च्या धड्यावर लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवलाय.

परीक्षा आटोपली की ये. हे तुला काही तरी लिहायचं म्हणतात. सकाळपासून कागद पुढे घेऊन बसले होते, आत्ता पुरं झालं. चिकटवून पाठवते.

मावशी

एकदा दाबलं.
आली.